पाचवं काज

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक खोली समोर आणा. लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी, खिडकीशी दोन शिलाई मशीनं, मधोमध कापड बेतायचं उंच टेबल. एका भिंतीला लोखंडी दांडी आणि त्या दांडीवर एकाला एक खेटून टांगलेले कोट. इतके, की त्यांच्यामागे कुणी उभं राहिलं तर कळायचं नाही. आणि कोपऱ्यात एक बाई. तिला डोकं नाही, हात नाहीत, पायांच्या जागी एकच लाकडी दांडा. घाबरू नका. तो शिंपिणीचा पुतळा आहे. ज्या गिऱ्हाइकाचा कपडा असेल त्याच्या मापाने त्याला कापसाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, की तो त्या माणसाच्या अंगाचा होतो. या घरात त्याला मुकी मावशी म्हणतात.

आलात खोलीत? मग आता सांगतो.

ही खोली दोन बहिणींच्या आईची. आई कपडे शिवायची, बाबा मागच्या खोलीत इस्त्री करायचे. कॉलेजं उघडायच्या आधीचे दोन महिने घरात कोटांचा पूर यायचा. जेवायला बसायचं तरी आधी खुर्चीवरचे कोट उचलावे लागत. बाबा येता-जाता मुक्या मावशीला म्हणायचे, "मावशी, या घरात माझं ऐकून घेणारी तू एकटीच." आई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "तिला कान नाहीत म्हणून."

थोरली सतरा वर्षांची, धाकटी नऊ वर्षांची. थोरलीला दोन कॉलेजांतून बोलावणं आलं होतं, आणि दोन्ही इतकी निराळी की एकाच जगातली वाटू नयेत.

एक मोठं कॉलेज. आगगाडीने दोन दिवसांच्या वाटेवर. तिथे पूल बांधायला शिकवत. थोरलीच्या शाळेच्या वाटेवर कालव्यावर एक पादचारी पूल होता. मुलं पायाला पाय मिळवून चालायला लागली की तो थरथरायचा. थोरली सगळ्यांना थांबवायची आणि म्हणायची, "पावलं बिघडवून चाला." असं का होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि तिला ते कळून घ्यायचं होतं. मोठ्या कॉलेजात ती गेली तेव्हा एका दालनात पुलाचा नमुना मोडेपर्यंत वजनं टांगत होते. ती तासभर तिथून हलली नाही. पण त्या अख्ख्या दिवसात तिला तिचं नाव कुणी विचारलं नाही.

दुसरं लहान कॉलेज. बसने तासाभरावर, दलदलीच्या कडेला. चाळीस मुलं, सहा शिक्षक आणि दोन होड्या. तिथे पाण्याचा, गवताचा, पाखरांचा अभ्यास. गमबूट घातलेले एक सर तिला स्वतः पाण्यात घेऊन गेले. पाण्याची उंची मोजायची काठी तिच्या हातात दिली, म्हणाले, "आजचा आकडा तू लिही." तिने वहीत आकडा लिहिला आणि सरांनी तिच्या आकड्यापुढे तिचं नाव लिहिलं.

बरेच दिवस विचार करून तिने मोठ्या कॉलेजाला होकार कळवला. गमबूटवाल्या सरांना तसं कळवलं तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे. तरी तुझी जागा पुढच्या शुक्रवारच्या टपालापर्यंत राखतो. पुढे मात्र दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल."

आता या घरातली एक रीत तुम्हाला माहीत हवी. आईने दोन्ही कॉलेजांचे कोट आधीच शिवून ठेवले होते. माप एकच, आणि गर्दीच्या दिवसांत वेळ कुठला. मोठ्या कॉलेजचा निळा, लहान कॉलेजचा जाड तपकिरी, मोठमोठ्या खिशांचा. पण काजं, म्हणजे बटणं अडकवायची भोकं, आई नेहमी सगळ्यात शेवटी करायची. ज्याचा कपडा त्याने तो अंगावर घालून तिच्यासमोर उभं राहायचं, मग ती खडूने खुणा करणार, मग पात्याने कापड कापणार.

"शिवण चुकली तर उसवता येते," ती मुलींना सांगायची. "काज चुकलं तर काय उसवणार? तिथलं कापडच गेलं. काज झालं की कपडा त्या माणसाचा झाला."

होकार टपालात पडला त्या संध्याकाळी थोरली निळा कोट घालून उभी राहिली आणि आईने पाच काजं केली. तपकिरी कोट मुक्या मावशीच्या अंगावर तसाच राहिला, काजांवाचून. कुणी दुसरी मुलगी आली तिथे जाणारी, तर तिला होईल, आई म्हणाली.

पण मावशीला गुंडाळलेला कापूस थोरलीच्या मापाचा होता. तिचेच खांदे, तिचीच कंबर, उजवा खांदा जरासा उतरता, तोही तिचाच. येता-जाता तिला वाटायचं, लहान कॉलेजला हो म्हणालेली मी कोपऱ्यात उभी आहे आणि बसची वाट बघते आहे. दोन दिवस तिने सोसलं. रविवारी तिने मावशीला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. आता मावशीला तोंड नाही, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

सोमवारी थोरली शिकवणीहून पाच वाजता परतली. दुपारी ती डॉक्टरीणबाईंच्या जुळ्या मुलांना गणित शिकवायला जायची. आई त्या वेळी तयार कोटांची गाठोडी दुकानात पोचवायला गेलेली असायची. खोलीत कुणी नव्हतं. मागून इस्त्रीच्या वाफेचा सुस्कारा ऐकू येत होता. मुकी मावशी खोलीकडे वळली होती.

बाबांनी हलवली असेल, असं म्हणत थोरली तिला परत फिरवायला गेली, आणि तिचा हात थांबला. तपकिरी कोटाला गळ्याजवळ एक काज होतं.

कापलेलं. वर टाके घालून पुरं केलेलं.

ती जवळ वाकली. काजाच्या टोकाला टाके पंख्यासारखे गोल फिरवावे लागतात. आई नऊ टाके घालते. थोरलीला ते कधी जमलं नाही. ती सातच घालते आणि मग टोक चिमटा काढल्यासारखं आवळून बसतं. त्यापायी तिने आईची बोलणी किती खाल्ली असतील, गणती नाही. या काजाला सात टाके होते. टोक आवळलेलं होतं.

टाका तिच्याच हातचा होता.

तिने आपली बोटं उजेडात धरून पाहिली, कुठे सुई टोचल्याची खूण आहे का. नव्हती. तिने मावशीला भिंतीकडे फिरवलं आणि कुणाला काही बोलली नाही. बोलणार तरी काय? आई टाका बघताच म्हणाली असती, हा तर तुझा.

मंगळवारी दुसरं काज होतं.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "काय गं, घास मोजून खातेस का?"

"भूक नाही."

"निळा कोट सैल होईल हां. मग तुझ्या आईची काजं सरकतील, आणि तिचं काज सरकलं तर घरात राहायची सोय नाही."

आई हसली. धाकटी हसली नाही. ती ताटातला भात एका कडेला लोटत होती. बडबडीने घर डोक्यावर घेणारी मुलगी, पण ताईचा होकार गेल्यापासून तिच्या तोंडाला कुलूप होतं. थोरलीने ते पाहिलं होतं का? पाहिलं होतं. पण माणूस आपल्याच भीतीत बुडालं की शेजारचं दिसूनही दिसत नाही.

बुधवारी ती शिकवणी अर्धी टाकून धावत आली. तिसरं काज होतं. टेबलावर आईचं अंगुस्तान पडलं होतं, सुई टोचू नये म्हणून बोटावर घालतात ती धातूची टोपी. थोरलीने ते उचललं. ते कोमट होतं, आत्ताच कुणाच्या तरी बोटावरून काढल्यासारखं. खोलीत कुणी नव्हतं. दांडीवरचे कोट जरासे हलत होते, आणि खिडकी तर बंद होती.

"कोण आहे?" तिने विचारलं. मागे इस्त्रीने सुस्कारा टाकला, बस.

मग तिच्या मनात एक हिशेब सुरू झाला आणि तो काही केल्या थांबेना. कोटाला बटणं पाच. रोज एक काज. म्हणजे शुक्रवारी पाचवं, आणि शुक्रवारच्याच टपालापर्यंत जागा राखलेली. कुणीतरी जायची तयारी करत होतं. टाके माझे, खांदे माझे. मग जाणारीही मीच. आणि ती मी गेली तर निळा कोट घालून आगगाडीत बसलेली ती कोण? नुसता कापूस?

गुरुवारी चौथं काज दिसलं तेव्हा ती घाबरलीसुद्धा नाही. दमली होती. तिने कागद घेतला, लहान कॉलेजला तीन ओळी लिहिल्या, "माझा विचार बदलला आहे, जागा मला द्यावी," आणि पाकीट बंद करून खिशात ठेवलं. जिला जायचंच आहे तिला आपण कोण अडवणारे, असं तिला वाटलं. पण पत्र टाकायला म्हणून निघाली ती पेटीपर्यंत जाऊन परत आली. पाचवं काज कोण करतं ते बघितल्याशिवाय पत्र टाकायचं नाही, असं तिने ठरवलं.

शुक्रवारी दुपारी ती नेहमीसारखी निघाली, कोपऱ्यावरून वळली आणि मागच्या दाराने आत आली. दांडीवरच्या कोटांच्या मागे भिंतीला पाठ लावून उभी राहिली. चाळीस रिकाम्या बाह्या तिच्या चेहऱ्याशी लोंबत होत्या. नव्या कापडाचा वास येत होता. आई गाठोडं घेऊन बाहेर पडली. घड्याळात साडेतीन झाले, पावणेचार झाले.

दार हळूच उघडलं.

आत धाकटी आली. तिने स्टूल ओढलं, मावशीला धरून फिरवलं, टेबलाच्या खणातून पातं काढलं, बोटावर अंगुस्तान चढवलं. ते तिला मोठं होत होतं म्हणून आत कापसाचा बोळा कोंबला. स्टुलावर चढून तिने खडूने पाचवी खूण केली, अगदी आईसारखी, आधी बोटाने अंतर मोजून.

आणि थोरलीला आठवलं. मागच्या हिवाळ्यात धाकटीला तापाने महिनाभर शाळा नव्हती, तेव्हा चिंध्यांवर काजं करायला तिला कुणी शिकवलं होतं? थोरलीनेच. जे तिला स्वतःला येत होतं तेच तिने धाकटीला दिलं, सात टाक्यांसकट.

धाकटीने पातं खुणेवर टेकवलं. उचललं. परत टेकवलं. मग ती स्टुलावरच खाली बसली आणि पातं मांडीवर ठेवून रडायला लागली, आवाज न करता.

थोरली कोटांमधून बाहेर आली. धाकटी इतकी दचकली की स्टूल कलंडलं. थोरलीने तिला वरच्या वर धरली.

"चिंगळे, तू?"

"तू शिकवणीला गेली होतीस," धाकटी म्हणाली, जणू लबाडी थोरलीनेच केली होती.

"का केलंस गं हे?"

"आई म्हणते, काज झालं की कपडा त्या माणसाचा."

"मग?"

"मग हाही तुझा झाला असता."

"मी तिकडच्या कॉलेजला जावं म्हणून? दर शनिवारी घरी येईन म्हणून?"

धाकटीने मान हलवली. 'हो'ची नाही, 'नाही'ची. "तू जा तुझ्या पुलांकडे. तुला ते आवडतं, मला माहितीये. पण मावशी तुझ्या मापाची आहे ना. दोन्ही कोटांना पाच-पाच झाली असती तर दोन ताया झाल्या असत्या. एक गेली असती. एक शनिवारी आली असती."

चार दिवस थोरली जिला घाबरत होती, तिलाच ही पोर एकेक टाका घालून बोलावत होती.

"मग पाचवं का नाही कापलंस?"

धाकटीने नाक ओढलं. "मला वाटलं, ती आली आणि तिने मला ओळखलंच नाही तर? तिला डोकं कुठाय."

थोरलीला हसू आलं आणि त्यातच डोळे भरले. तिने खिशातलं पाकीट काढून फोडलं आणि पत्र उभ्या उभ्या वाचलं. तीन ओळी. त्यांत ना पाणी होतं, ना काठी, ना पाखरं. हे भ्यालेल्या माणसाने लिहिलं होतं. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती, टपाल पाचला निघायचं.

आता भूत उरलं नव्हतं, आणि गंमत बघा, त्यामुळे निवड सोपी झाली नाही. भूत होतं तोवर ते ठरवत होतं. आता तिलाच ठरवायचं होतं.

तिने मावशीच्या अंगावरचा तपकिरी कोट काढला आणि पहिल्यांदाच स्वतः घातला. चार काजांत चार बटणं लावली. खिसे खोल होते, हात मनगटापर्यंत गेले. कोट तिला आवडला. हे तुमच्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही. तिने खिडकीच्या काचेत पाहिलं. तिथे एक मुलगी उभी होती जिला पाण्याची उंची मोजता येणार होती, जिचं नाव वहीत आकड्यापुढे लिहिलेलं असणार होतं. चांगली मुलगी होती. थोरलीने तिच्याकडे नीट, मनापासून बघून घेतलं.

मग तिने तो दिवस आठवला, मोठ्या कॉलेजाला होकार लिहिला तो. पत्र चार पानांचं झालं होतं, कारण कालव्यावरच्या पुलाबद्दल लिहायला घेतलं आणि थांबताच येईना.

तिने एकेक करून बटणं काढली.

"मी मोठ्या कॉलेजलाच जाणार आहे," ती म्हणाली. "तुझ्या काजांमुळे नाही आणि त्यांच्या विरुद्धही नाही. कळतंय का?"

"हं."

"आणि दोन ताया होत नसतात, चिंगळे. मला पण वाटलं होतं होतात म्हणून."

धाकटी कोटाकडे बघत होती. "मग ती कुठे जाईल?"

"कोण?"

"शनिवारी आली असती ती."

मोठी माणसं असल्या वेळी काहीतरी गोड बोलून सुटका करून घेतात. थोरलीने तसं केलं नाही. "मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "मला वाटतं, ती मला अधूनमधून दिसत राहील."

तेवढ्यात आई आली. दारातूनच तिला कोट दिसला, पातं दिसलं, दोघींचे लाल डोळे दिसले. तिने चपला काढल्या, चष्मा चढवला आणि आधी काजं पाहिली.

"सात टाके," ती म्हणाली. "एकीला शिकवताना माझी हाडं झिजली, आता दुसरी तयार झाली. कुणी कापलं?"

"मी," धाकटी म्हणाली.

"मी शिकवलं," थोरली म्हणाली.

आई स्टुलावर टेकली. दोघींनी मिळून सगळं सांगितलं, एकमेकींची वाक्यं तोडत. आईने टेबलावरचं पत्र वाचलं, घडी घालून परत ठेवलं. घड्याळाकडे पाहिलं. पाचाला दहा मिनिटं कमी होती. थोरली जागची हलली नाही, आणि ती दहा मिनिटं इस्त्रीच्या सुस्काऱ्यांत निघून गेली. रस्त्यावरून टपालाची गाडी गेल्याचा आवाज तिघींनी ऐकला.

"आता हा कोट कुणाला होणार नाही," धाकटी हळूच म्हणाली. "काज उसवता येत नाही."

"उसवता येत नाही," आई म्हणाली. "बुजवता येतं. कापडाचेच धागे काढून, कडेला कड लावून. दिसतं मात्र. जवळून बघणाऱ्याला कायम दिसतं."

"तुला कसं माहीत?"

"माझ्याही एका कोटाला आहे तसं," आई म्हणाली आणि मशीनकडे वळली. तो कोट कुठला, ते तिने त्या दिवशी सांगितलं नाही, आणि मुलींनीही विचारलं नाही.

थोरलीने तपकिरी कोट धाकटीच्या मांडीवर पसरला. काज बुजवताना कापड ओढलं जाऊ नये म्हणून खाली कागद धरावा लागतो. टेबलावर कागद एकच होता. तिने स्वतःचं पत्र उचललं, चार घड्या घातल्या आणि पहिल्या काजाखाली सरकवलं.

धाकटीने शिवणीच्या आतल्या कडेतून एक तपकिरी धागा ओढून काढला. तीनदा चुकल्यावर तो सुईत गेला. खालच्या ओठाला दात लावून तिने कडेला कड भिडवली आणि टाका घातला. टोकाशी आल्यावर ती थांबली, बोटावर मोजलं आणि सावकाश पंखा फिरवला. नऊ टाके. मग दुसरं काज, मग तिसरं, मग चौथं. बाहेर दिवेलागण झाली तेव्हा चारही बुजली होती. तिने कोट मुक्या मावशीला परत घातला, कॉलर सारखी केली, आणि मावशीला रस्त्याच्या खिडकीकडे वळवून ठेवलं.

पाचव्या काजाच्या जागी खडूची रेघ अजून होती. पुसायला म्हणून तिने बोट नेलं, जरा वेळ तसंच धरलं, आणि मागे घेतलं.